गाईचा चीक : जंतूंपासून वासराला वाचवणारे पहिले सहा तास, आणि खरवसाच्या वाटीबद्दलचे गैरसमज

गाय व्याली की घरात एकाच वेळी दोन ठिकाणी धांदल उडते. एक गोठ्यात आणि दुसरी चुलीपाशी. गोठ्यात वासराला पुसून काढायचं असतं आणि चुलीपाशी खरवसाची तयारी सुरू होते. गूळ किसला जातो, वेलची-जायफळ कुटलं जातं आणि शेजारीपाजारी चिकाची वाटी पोहोचते. कित्येक घरांत चीक विकत नाहीत, वाटतात.

अलीकडे या चिकाला तिसरं गिऱ्हाईकही मिळालंय. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये चीक म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा खजिना असतो. त्याच्या भुकट्या आणि कॅप्सूल ऑनलाइन विकायला आहेत. कुणी कच्चा चीक प्यायला सांगतं, तर कुणी खरवस खा म्हणजे सर्दी-खोकला जवळ येणार नाही असं सांगतं.

चिकात जंतूंशी लढायची ताकद असते, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. प्रश्न एवढाच आहे की ती ताकद कुणाच्या उपयोगाची, किती वेळ टिकणारी, आणि चुलीवर चढल्यावर तिचं काय होतं.

चीक म्हणजे नेमकं काय?

व्याल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस कासेतून येणारं पिवळसर, घट्ट, चिकट दूध म्हणजे चीक. संस्कृतात याला पीयूष म्हणतात आणि अमृतालाही हाच शब्द आहे. (दुकानात मिळणारं पीयूष हे श्रीखंडाच्या नात्यातलं पेय. त्याचा चिकाशी संबंध नाही.)

नेहमीच्या दुधापेक्षा चिकात प्रथिनं कितीतरी जास्त असतात, आणि त्यातला मोठा वाटा असतो प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडींचा. प्रतिपिंड म्हणजे शरीराने एखाद्या ओळखीच्या जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. ती जंतूला जाऊन चिकटतात, त्याला निकामी करतात किंवा पांढऱ्या पेशींना तो दाखवून देतात. गाईच्या चिकात मुख्यतः आयजीजी या प्रकारचे प्रतिपिंड असतात. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये ते ५० ते १०० ग्रॅम भरतात. आठवड्याभराने येणाऱ्या साध्या दुधात हेच प्रमाण लिटरला एक ग्रॅमच्याही खाली गेलेलं असतं.

हे प्रतिपिंड कासेत तयार होत नाहीत. व्यायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत ते गाईच्या रक्तातून उचलले जातात आणि कासेत साठवले जातात. व्याल्यावर ही भरती थांबते. म्हणून पहिल्या धारेचा चीक सगळ्यात कसदार असतो. दुसऱ्या वेळच्या धारेत प्रतिपिंड बरेच कमी झालेले असतात आणि तिसऱ्या दिवशी तर ते दूध नेहमीच्या दुधाकडे झुकलेलं असतं. खरवसासाठी 'पहिल्या दिवसाचाच चीक हवा' असा हट्ट धरणाऱ्या आजीबाईंना प्रतिपिंड माहीत नसतील, पण त्यांचं निरीक्षण अचूक आहे.

चिकात आणखीही काही रखवालदार असतात. लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे वाढीसाठी लोह लागणाऱ्या जंतूंची उपासमार होते. लायसोझाइम आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज ही विकरं जंतूंवर थेट हल्ला करतात. आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही चिकातून वासरापर्यंत पोहोचतात. शिवाय, पचनाचं काम काही वेळ रोखून धरणारा एक घटकही चिकात असतो. त्यामुळे प्रतिपिंड पोटात गेल्या गेल्या पचून जात नाहीत.

वासरू जन्मतः निःशस्त्र असतं

माणसाच्या बाळाला आईचे बरेच प्रतिपिंड पोटात असतानाच, वारेतून मिळतात. गाईचं तसं नाही. तिच्या वारेची रचनाच अशी आहे की आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे जास्त थर असतात आणि प्रतिपिंडांना ते ओलांडता येत नाहीत. म्हणून वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंड जवळपास नसतातच. म्हशीचं रेडकू आणि शेळी-मेंढीचं पिल्लू यांचीही हीच गत असते.

ही उणीव भरून काढायला निसर्गाने वासराच्या आतड्यात एक तात्पुरतं दार ठेवलंय. जन्मल्यावर पहिले काही तास आतड्याच्या पेशी अख्खेच्या अख्खे प्रतिपिंड गिळून थेट रक्तात सोडतात. पहिल्या चार-सहा तासांत हे काम सर्वांत जोरात चालतं. मग ते मंदावत जातं आणि साधारण २४ तासांत दार बंद होतं. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्यातले प्रतिपिंड रक्तात जात नाहीत.

या दाराची एक वाईट बाजूही आहे. ते दार प्रतिपिंड कोणते आणि जंतू कोणते हे नीट पारखत नाही. शेणाने बरबटलेल्या सडाला किंवा ओल्या जमिनीला तोंड लावलेल्या वासराच्या आतड्यातून ई. कोलायसारखे जीवाणूही रक्तात शिरू शकतात. थोडक्यात, पहिल्या काही तासांत चीक आणि जंतू यांच्यात शर्यत लागलेली असते. जो आधी पोहोचेल तो जिंकतो.

दार बंद झाल्यावर चीक वाया जातो असं मात्र नाही. वासरांच्या हगवणीला कारण होणारे ई. कोलायचे काही प्रकार आतड्याच्या भिंतीला घट्ट चिकटून विष सोडतात. चिकातले प्रतिपिंड आतड्याच्या पोकळीत असतील, तर ते या जंतूंना भिंतीला चिकटूच देत नाहीत. म्हणून तीन-चार दिवस चीक आणि चिकाळ दूध पाजत राहण्यात फायदा आहे.

हे कळलं कसं?

पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. त्याने वापरलेली विषं होती एरंडाच्या आणि गुंजेच्या बियांमधली. (दोन्ही झाडं सह्याद्रीत कुणालाही ओळखता येतील अशी.) थोड्या थोड्या मात्रेने हे विष पचवायला शिकलेल्या मादीचं दूध दुसऱ्या मादीच्या पिल्लांना पाजलं, तर ती पिल्लंही त्या विषापासून वाचत होती. संरक्षण दुधातून जातं, हे यातून दिसलं. याच एर्लिखना पुढे १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

वासरांची गोष्ट स्पष्ट केली ती अमेरिकेतल्या थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी. १९२२ मध्ये रॉकफेलर संस्थेत त्यांनी काही वासरांना चीक पाजला आणि काहींना अजिबात पाजला नाही. चीक न मिळालेली बहुतेक वासरं थोड्याच दिवसांत दगावली आणि त्यांच्या अवयवांमध्ये ई. कोलाय जीवाणू सापडले. चीक मिळालेल्या वासरांच्या आसपासही तेच जंतू होते, पण ती तगली. त्याआधी चीक म्हणजे वासराचं पोट साफ करणारं दूध, एवढीच त्याची ओळख होती.

भोर-वेल्ह्यात हे का महत्त्वाचं?

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला भोर आणि वेल्हे हे डोंगरी तालुके आहेत. (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.) राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर, भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगावची धरणं, आणि या सगळ्यांच्या मध्ये भातखाचरं. महामार्गाच्या बाजूला, नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात, संकरित गाई आणि डेअरीच्या गाड्या दिसतात. पश्चिमेला, घाटमाथ्याकडे सरकत गेलं की दारात दोन-चार जनावरं असलेली घरं, गावरान गाई, म्हशी आणि धनगरवाडे लागतात. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत विरळ वस्तीचा तालुका. मोठ्या गावांपासून वाड्या लांब लांब.

अशा ठिकाणी पावसाळ्यात गाय व्याली तर काय होतं याचा विचार करा. आषाढात पाऊस थांबत नाही, गोठ्यात ओल असते आणि घरची माणसं भातलावणीला गेलेली असतात. ओलीत जंतू फोफावतात. पांढरी हगवण, नाळ सुजून पिकणं, गुडघे सुजणं हे वासरांचे आजार याच दिवसांत डोकं वर काढतात. डॉक्टर येईपर्यंत हगवण लागलेलं वासरू पाणी कमी होऊनच खचतं. गावरान गाईची कालवड किंवा पुढे औताला लागणारा खोंड म्हणजे छोट्या शेतकऱ्याची तीन-चार वर्षांची पुंजी असते. ती वाचवणारं सर्वांत स्वस्त औषध गाईच्याच कासेत असतं. अट एकच, ते वेळेवर पोटात गेलं पाहिजे.

ते वेळेवर जात नाही, त्याला बऱ्याचदा एक जुनी समजूत कारण असते.

'वार पडल्याशिवाय चीक पाजू नये'

महाराष्ट्रात अनेक गावांत हे ऐकायला मिळतं. वार पडायच्या आधी वासराला लावलं तर गाईला त्रास होईल किंवा वार अडकेल, अशी भीती असते. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात, कधी बारा तासही लागतात. म्हणजे आतड्याचं दार सताड उघडं असतं तो सगळा वेळ वासरू उपाशी बांधलेलं राहतं आणि जे हाती लागेल ते चाटत बसतं.

खरी गोष्ट याच्या उलट आहे. वासरू सड चोखायला लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं. वार पडायला त्याची मदतच होते. वासराला लवकर लावणं गाईच्याही भल्याचं आहे.

दुसरी समजूत अशी की चीक जास्त झाला की वासराला हगवण लागते. चीक थोडा सारक असतो, त्यामुळे वासराच्या पोटातली काळपट चिकट पहिली घाण बाहेर पडते आणि नंतर पिवळसर मऊ शेण येतं. ते होणं चांगलंच. पांढरी, पाण्यासारखी, घाण वासाची हगवण हे जंतुसंसर्गाचं लक्षण आहे, आणि ती बहुधा चीक कमी मिळालेल्या वासरालाच गाठते.

मात्रा किती? वासराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. पंचवीस किलोच्या संकरित वासराला अडीच लिटर, पंधरा-अठरा किलोच्या गावरान वासराला दीड-पावणेदोन लिटर. त्यातला बराचसा पहिल्या दोन तासांत जायला हवा आणि उरलेला बारा तासांच्या आत. वासराला उभं राहता येत नसेल तर चीक काढून बाटलीने, मान थोडी वर धरून, सावकाश पाजावा. घाई केली तर दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कास आणि सड कोमट पाण्याने धुवायचे आणि नाळेला टिंचर आयोडीन लावायचं, ही दोन कामं चिकाइतकीच महत्त्वाची आहेत. नाळ हा जंतूंचा दुसरा दरवाजा आहे.

देशी गाईचा चीक जास्त ताकदीचा असतो का?

सोशल मीडियावर हमखास रंगणारा वाद. कमी दूध देणाऱ्या गाईचा चीक थोडा आणि घट्ट असतो, त्यामुळे त्यात लिटरमागे प्रतिपिंड जास्त भरू शकतात. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईत तेच प्रतिपिंड जास्त पाण्यात विखुरले जातात. फरक बहुतेक एवढाच. बाकी सगळं ठरतं गाईचं वय, तिचं खाणं, व्यायच्या आधी तिला आटवली होती की नाही आणि तिचा आजवर कोणत्या जंतूंशी सामना झालाय यावर. तीन-चार वेतं झालेल्या गाईचा चीक पहिलारूपेक्षा सहसा सरस असतो, कारण तिने जास्त पावसाळे पाहिलेले असतात.

यातला शेवटचा मुद्दा गाय विकत घेणाऱ्यांच्या कामाचा आहे. गाईच्या चिकात ती ज्या गोठ्यात राहिली तिथल्या जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड असतात. व्यायच्या आठवडाभर आधी लांबच्या बाजारातून गाभण गाय आणली, तर तिच्या चिकात जुन्या गोठ्याची ओळख असते, नव्या गोठ्याची नसते. महिना-दीड महिना आधी आणलेली गाय वासराला जास्त उपयोगाचा चीक देते. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांच्या लसी वेळच्या वेळी टोचलेल्या गाईच्या चिकातून त्या आजारांविरुद्धचं संरक्षणही काही आठवडे वासराला मिळतं. गाभण गाईला कोणती लस कधी द्यायची हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं. राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आता खरवसाकडे

साधं दूध तापवलं तर उकळतं. चीक तापवला तर थिजतो. विरजण नाही, लिंबू नाही, तरी वडी पडते. कारण चिकात उष्णतेने गोठणारी प्रथिनं खच्चून भरलेली असतात, आणि त्यात मोठा भरणा प्रतिपिंडांचाच असतो. अंड्याचं पांढरं उकडल्यावर घट्ट होतं, तसाच हा प्रकार.

आणि इथेच गंमत आहे. प्रतिपिंडाचं काम त्याच्या आकारावर चालतं. कुलुपाला किल्ली बसावी तसा तो जंतूला बसतो. सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत हा आकार बराचसा टिकतो, म्हणूनच परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत चीक ६० अंशांवर तासभर ठेवून निर्जंतुक करतात. ७० अंशांच्या पुढे आकार बिघडायला लागतो. खरवस वाफवताना तापमान शंभराच्या जवळ जातं. ज्या क्षणी खरवस 'बसतो', त्या क्षणी त्यातले प्रतिपिंड निकामी झालेले असतात. उरतं ते उत्तम प्रथिन, कॅल्शियम, जीवनसत्त्व अ आणि गुळाची गोडी. खरवस खायला एवढी कारणं पुरेशी आहेत, त्याला औषध म्हणायची गरज नाही.

मग कच्चा चीक प्यावा का? अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यात वासरासारखं दार नसतं. गाईचे प्रतिपिंड माणसाच्या रक्तात जात नाहीत, बरेचसे पचून जातात. उलट न तापवलेल्या चिकातून ब्रुसेलोसिस, क्षयरोग, साल्मोनेला यांसारखे आजार माणसाला होऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये गाईचा गर्भपात होतो आणि माणसाला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी मागे लागते. केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस दिली जाते. वार उचलतानाही हातमोजे घालावेत, ते याच कारणासाठी.

डेअरी चीक का घेत नाही, याचंही उत्तर यातच आहे. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत दुधाच्या व्याख्येतच ते चीकमुक्त असावं असं म्हटलंय. टँकरमध्ये चीक मिसळला तर पाश्चरायझेशनच्या यंत्रात तो थिजतो आणि सगळा घाणा बिघडतो.

मग कॅप्सूल, भुकटी आणि 'पोलिओची लस'?

गाईच्या प्रतिपिंडांचा माणसाला उपयोग होतच नाही असं नाही. तो होतो, पण ठरवून तयार केलेल्या औषधाचा आणि तोही आतड्याच्या आतच. १९८८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. जुलाब घडवणाऱ्या ई. कोलायच्या लसी गाईंना देऊन त्यांच्या दुधातले प्रतिपिंड वेगळे काढले आणि ते दहा स्वयंसेवकांना दिले. दुसऱ्या दहा जणांना त्या जंतूंविरुद्धचे प्रतिपिंड नसलेली भुकटी दिली. मग वीसही जणांना तो जीवाणू पाजला. पहिल्या गटात एकालाही जुलाब झाले नाहीत, दुसऱ्या गटात दहापैकी नऊ जणांना झाले. याच तत्त्वावर, लस दिलेल्या गाईंच्या चिकापासून केलेलं 'ट्रॅव्हेलन' हे प्रवाशांच्या जुलाबासाठीचं उत्पादन ऑस्ट्रेलियात मिळतं.

यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे त्या गाईंना नेमक्या त्याच जंतूची लस दिलेली होती. कोणत्याही गाईच्या चिकाची कशीही सुकवलेली भुकटी घेऊन तोच परिणाम मिळेल असं हा प्रयोग सांगत नाही. डब्यावर 'इम्युनिटी' हा शब्द असला, तरी कोणत्या जंतूविरुद्ध, किती प्रतिपिंड आणि किती तापमानाला सुकवलेले, हे तीन प्रश्न विचारावेत. तान्ह्या बाळाला तर गाईचा चीक देऊच नये. त्याच्यासाठी आईचं पहिलं पिवळं दूध आहे, आणि ते जन्मल्यापासून तासाभरात पाजावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चिकाच्या जाहिरातींत आणखी एक दावा सापडतो, तो म्हणजे अल्बर्ट सेबिन यांनी पोलिओची लस गाईच्या चिकापासून बनवली. हे खोटं आहे. सेबिन यांनी गाईच्या आणि माणसाच्या चिकात पोलिओच्या विषाणूला निष्प्रभ करणारे घटक असल्याचं दाखवलं होतं, एवढं खरं. त्यांची तोंडाने द्यायची लस मात्र दुबळ्या केलेल्या पोलिओ विषाणूची होती, आणि तो विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला जात होता.

चीक चांगला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

रंग आणि घट्टपणा यांवरून अंदाज येतो, पण तो फसवतो. परदेशात आणि आता इथल्याही मोठ्या गोठ्यांत ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. नाव अवघड असलं तरी यंत्र ओळखीचं आहे. उसाच्या रसातली साखर याच ब्रिक्समध्ये मोजतात आणि भोर तालुक्यात राजगड सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. द्राक्ष बागायतदारांच्या तर ते खिशात असतं. चिकाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरायचा. आकडा २२ किंवा त्याहून जास्त आला, तर लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रतिपिंड आहेत असं समजतात. कमी आला तर मात्रा वाढवायची.

गाय व्याल्यावर मेली, तिला कासदाह झाला किंवा पान्हाच फुटला नाही, तर दुसऱ्या गाईचा चीक चालतो. ती गाय निरोगी आणि शक्यतो त्याच परिसरातली असावी. चीक स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये एक-दोन दिवस आणि उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये वर्षभरही ठेवता येतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवायची. गॅसवर ठेवली की त्याचा खरवसच होतो.

वाडीत दोन घरं सोडून कुणाची गाय त्याच दिवशी व्याली असेल, तर एवढंही करावं लागत नाही. चिकाची वाटी शेजारी पाठवायची रीत आहेच. आई नसलेल्या वासरासाठी ती खरवसाच्या पातेल्याऐवजी बाटलीत ओतायची, न तापवता आणि पहिल्या सहा तासांत.